स्मृतिप्रीत्यर्थ म्हणजे नक्की कोणाच्या प्रीत्यर्थ?

पडीक वाचक:
आत्याच्या नावाने फिरता करंडक ठेवतोय. खालच्या पितळी पट्टीचा मजकूर भावाने इंग्रजीत पाठवला, 'इन लव्हिंग मेमरी ऑफ' वगैरे, मी त्याचं 'यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ' केलं. तर काका फोनवर म्हणाले, अरे प्रीती देवाची होते, माणसाची होते, स्मृतीला कसला आलाय आनंद, स्मरणार्थ लिही. आयुष्यभर हाच शब्द वाचत आलोय, बाकांवर, पुस्तकांच्या पहिल्या पानावर, कधी खटकला नाही, आणि आता बघवत नाहीये. त्यात पट्टी अरुंद. नमुना आलाय त्यात वरच्या ओळीत 'स्मृतिप्री' आणि खाली नुसतंच 'त्यर्थ'.

कानामात्रा:
काय लिहायचं ते लिहा पण 'प्रित्यर्थ' नको, प्लीज. धातूच 'प्री' आहे, प्रीति + अर्थ, यण् संधी. आणि 'स्मृति' मधली 'ति' पहिलीच ठेवा. एकटी असताना स्मृती, समासात पूर्वपद झाली की स्मृति. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपासून हे चालत आलंय, तरी दहातल्या नऊ पट्ट्यांवर दोन्ही चुका एकदम सापडतात.

उंटावरून:
मला तर वाटतं हा शब्द 'लव्हिंग मेमरी'वरूनच पाडलाय. लव्हिंग = प्रीती, मेमरी = स्मृती. झालं.

जुनी वही:
उंटावरून, काहीतरीच काय! संकल्पात 'श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं' म्हणतात ना, तिथे लव्हिंग कुठून आलं? देव प्रसन्न व्हावा म्हणून, एवढाच अर्थ. नंतर परमेश्वराच्या जागी कोणीही येऊन बसलं. आमचे आजोबा नवा शर्ट घातलेला दिसला की विचारायचे, "हे कशाप्रीत्यर्थ?" आता यात कोणाला खूश करायचा संबंध आहे का? निमित्त काय, एवढंच. तेव्हा काकांना सांगा की प्रीती त्यातून कधीच उडून गेलीये, स्मृतिप्रीत्यर्थ म्हणजे स्मृतीनिमित्त.

साधं बोला:
एवढी कसरत कशाला? 'यांच्या आठवणीत' लिहा. पोराटोरांनाही कळेल.

कानामात्रा:
आठवणीत म्हणजे 'की याद में'चं मराठी. आपल्याकडे माणूस आठवणीत राहतो, करंडक आठवणीत कसा देणार? आठवणीसाठी म्हणा फार तर.

साधं बोला:
हिंदीतून आलं म्हणून वाईट आणि संस्कृतातून आलं की सोवळं, छान आहे. माझी आई कधी 'स्मरणार्थ' बोलली नाही, 'त्यांच्या आठवणीखातर' म्हणायची. छापायचं झालं की मात्र सगळ्यांना र्थ लागतो.

जुनी वही:
खातर अरबीतून आलाय हो :)

उंटावरून:
बरं माझं पहिलं मागे घेतो. पण हे बघा, 'स्मर' हे कामदेवाचं नाव आहे, आणि धातू तोच, स्मृ! म्हणजे आठवणं आणि प्रेम आधीपासून एकाच घरातले. मग स्मृतिप्रीत्यर्थ खटकायचं कारणच नाही.

कानामात्रा:
हे करंडकावर कोरू नका म्हणजे झालं.

पाऊलखुणा:
अवांतर, पण स्मृतीचं पालीत 'सती' होतं, विपश्यनावाले सतिपट्ठान म्हणतात तीच. आणि प्राकृतातून झिजत झिजत आपली 'सय'. आजी म्हणायची, "तुझी सय आली बघ." मला या सगळ्यात तोच शब्द आवडतो. फक्त सय येते, ती कोणाला देता येत नाही आणि तिला अर्थही जोडता येत नाही. सयार्थ कसं वाटेल!

साधं बोला:
सयार्थ भारी आहे, खरंच.

कानामात्रा:
देवा. तद्भवाला तत्सम शेपूट.

जुनी वही:
का, 'पोटार्थी' चालतं ना तुम्हाला?

पडीक वाचक:
अहो पट्टी उद्या सकाळी कोरायला जातेय. स्मरणार्थ की स्मृतिप्रीत्यर्थ? स्मरणार्थ एका ओळीत बसतंय.

कानामात्रा:
पोटार्थी वेगळं, त्यावर रात्री सविस्तर लिहितो. आणि हो, नावाआधी 'कै.' लावणार असाल तर टिंब विसरू नका.