‘फेत गालांत’ला मराठीत काय म्हणावं?

फ्रेंच चित्रकार वातोच्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या 1717च्या चित्राखाली मराठी ओळ द्यायची आहे. झाडी, रेशमी कपडे, लाडीगोडी करणारी जोडपी, लांब धुक्यात पाणी. या चित्रप्रकाराला फ्रेंचमध्ये ‘फेत गालांत’ म्हणतात. मी ‘वनभोजन’ लिहिलंय, पण मलाच पटत नाहीये. सुचवा.

— वनभोजन नको हो. आवळीखालची पंगत डोळ्यांपुढे येते, आणि वातोच्या माणसांना भूक लागलेली दिसत नाही. ‘सहल’मध्ये डबे नि बस, ‘उद्यानोत्सव’ला पालिकेच्या पुष्पप्रदर्शनाचा वास. ‘फेत’ म्हणजे उत्सव, ते सोपं; खरी अडचण ‘गालांत’ची. जुन्या फ्रेंचमधल्या मौज करणे या अर्थाच्या क्रियापदातून तो आला. पुढे स्त्रियांशी अदबीनं, लाघवानं वागण्याचा अर्थ त्याला चिकटला. ‘रंगेल’ म्हटलं की अदब गेली, ‘सभ्य’ म्हटलं की मौज गेली. मी ‘रसिक वनविहार’ म्हणेन. याच प्रकारची चित्रं काढणाऱ्या लांक्रे, पातेर यांच्या चित्रांनाही चालेल.

— प्रकाराला ठीक, पण या चित्राला नको. 28 ऑगस्ट 1717ला वातोनं हे पॅरिसच्या राजेशाही चित्रकला अकादमीला प्रवेशचित्र म्हणून, म्हणजे सदस्य होण्यासाठी, दिलं. तिथल्या नोंदीत आधी ‘सितेर बेटाची यात्रा’ लिहिलं होतं. ते खोडून ‘फेत गालांत’ केलं. सितेर म्हणजे प्रेमदेवता व्हीनसचं बेट. उजवीकडे तिची फुलांनी सजवलेली मूर्ती आहे, लोकांकडे यात्रेकरूंच्या काठ्या आहेत. मराठीत लिहिणाऱ्याला खोडावं लागलंच नसतं! आपली यात्रा देवाला जाण्याचीही आणि गावात भरणारीही. ‘जत्रा’ त्याच शब्दाचं घरगुती रूप. फ्रेंच ‘फेत’सुद्धा संतांच्या सणाला वापरतातच.

— जत्रेत धक्काबुक्की असते, इथे तर कुणी मोठ्यानं बोलतही नसावं. पण ‘यात्रा’ आवडलं. मी ‘सितेरला प्रस्थान’ असंही एका ठिकाणी वाचलंय, ते?

— प्रचलित आहे, तरी टाळा. मूर्ती इथेच आहे, म्हणजे मंडळी बेटावरच आहेत आणि आता परत निघालीत, असं कला-इतिहासकार मायकेल लेव्ही यांनी 1961मध्ये मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. मधली बाई मागे वळून बघते ती पाहिली की मला मात्र पटतं. ‘प्रस्थान’ म्हटलं की तुम्ही वादात एक बाजू घेतलीत. ‘यात्रा’त जाणं-येणं दोन्ही आलं.

— मग ठरलं: ‘सितेरची यात्रा’, खाली बारीक अक्षरात ‘रसिक वनविहार’.