सड्यावरची (जांभ्या कातळाच्या पठारावरची) निशिगंधासारखी पांढरी फुलं कोणती? कांदा (म्हणजे कंद) आणून लावला तर जगेल का?

कातळवाट: आमच्या गावाजवळ (रत्नागिरी) सड्यावर मृगाचे चांगले पाऊस झाले की ही फुलं येतात, लांबून अगदी निशिगंध वाटतो, एका दांड्यावर चार-पाच, पानं कांद्याच्या पातीसारखी पण बारीक. आई लिली म्हणते. शेजारच्या सड्यावर चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) सुरू झालीय, जीव खालीवर होतो म्हणून दोनचार कांदे काढून अंगणात लावावेत असं वाटतंय. जगतील का?

पावशा: दीपकाडी वाटतेय, डिपकॅडी कोंकनेन्स. फुलात डोकावून बघा, पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असेल आणि पुंकेसर त्या नळीतच असतील तर तीच. मधे पांढरी वाटी आणि तिच्या काठावर पुंकेसर उभे असतील तर ते पॅनक्रॅशियम, ही दुसरीच कांद्याची वनस्पती, तेही पहिल्या पावसातच येतं म्हणून गल्लत होते. लिली म्हणतात खरं, पण आता हिला शतावरीच्या कुळात धरतात. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० साली वर्णन केलं, नावातच कोकण आहे आणि आहेही फक्त कोकण-गोव्याच्या जांभ्या सड्यांवर. एक तर चिरेखाणी, दुसरं सुरुंग लावून खड्डे करून माती भरून आंब्याची कलमं लावतात, त्यात ही जाते. कृपा करून कांदे उपटू नका.

कुंडीतलं_रान: पावशादादा बरोबर बोलतायत. मी दुसऱ्या एका रानकांद्याचे तीन कांदे आणले होते, उन्हाळ्यात बिचारे सुकले असं वाटून रोज पाणी घातलं आणि मे मधे बोट लावलं तर आत नुसता चिकट लगदा, फार वाईट वाटलं. बीच घ्या ताई. फुलं गेल्यावर तीन कप्प्यांचं बोंड धरतं, ते वाळून तडकायला लागलं की आत काळं चपटं बी चवडीसारखं रचलेलं दिसेल. एकदोन बोंडांतलंच घ्या, बाकी तिथेच पडू दे. पसरट कुंडीत जांभ्याचा चुरा जास्त नि माती कमी, बी वरवर पेरायचं, पाणी साचता कामा नये. पानं पिवळी पडली की पाणी बंद, थेट पुढच्या पावसापर्यंत. फुलायला काही वर्षं जातील.

कातळवाट: आत्ताच बघून आले, नळीच आहे, वाटी नाही! कांदे नाही काढत. बोंडं धरली की जाते, चिऱ्याचा चुरा तर दारातच पडलाय. पण खाण उद्या आमच्या सड्यावर आली तर मग तरी कांदे काढायचे का?

पावशा: तेव्हा काढाच, पण पानं सुकल्यावर, आणि जवळच्या दुसऱ्या सड्यावर लावा. आत्ता पानं हिरवी आहेत तोवर जागा खुणा करून ठेवा, नंतर कातळात काही दिसत नाही.