ट्रेलरची लेव्हल: ब्लूटूथ सेन्सर शून्य दाखवतो, फोन ०.४ अंश. खरं कुणाचं मानायचं?

पाठीवरचं_बिऱ्हाड

डबल अ‍ॅक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे, भरलेलं वजन साधारण २,५०० किलो. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यातलं अंतर २.१ मीटर, कपलरपासून (ट्रेलरचं पुढचं टोक, जे गाडीमागच्या बॉलवर बसतं) दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधल्या बिंदूपर्यंत ४.९ मीटर. पुढे इलेक्ट्रिक जॅक, चार कोपऱ्यांत कात्रीसारखे स्टॅबिलायझर. फ्रिज गॅस आणि विजेवर चालणारा, अ‍ॅब्सॉर्प्शन प्रकारचा.

नवीन घेतलेल्या वस्तू: ब्लूटूथ लेव्हल सेन्सर (सध्या पुढच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय) आणि चाकाखाली घालायच्या वक्र पट्ट्या, ज्यांवर चाक चढवत जायचं आणि लेव्हल आली की थांबायचं.

अडचणी तीन.
१. सेन्सर आडव्या दिशेला शून्य दाखवतो तेव्हा जमिनीवर ठेवलेला फोन ०.४ अंश दाखवतो.
२. गाडी जोडलेली असताना लेव्हल बरोबर येते, कपलर सोडला की बिघडते.
३. सकाळपर्यंत पुढची बाजू थोडी खाली गेलेली असते.

फ्रिजसाठी नेमकी किती अचूकता लागते तेही सांगा.

ओळंबा

आधी पहिला मुद्दा, कारण शून्यच चुकीचं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. सेन्सरला क्षितिज कुठे आहे ते ठाऊक असतं, पण तुमच्या ट्रेलरची फरशी कुठे आहे ते ठाऊक नसतं. ते तुम्ही त्याला एकदा दाखवता. चुकीच्या जागी ‘शून्य’ नोंदवलं की तो दर मुक्कामी तीच चूक इमानाने परत करतो.

फोनवरही लगेच विश्वास ठेवू नका. फोन फरशीवर ठेवून आकडा वाचा, मग जागच्या जागी १८० अंश फिरवून पुन्हा वाचा. एकदा ०.६ डावीकडे आणि फिरवल्यावर ०.२ उजवीकडे असं फोनच्याच हिशोबाने आलं, तर दोन्हींच्या मधला आकडा, म्हणजे ०.२ डावीकडे, ही फोनची स्वतःची चूक. कव्हर आणि कॅमेऱ्याचा उंचवटा यांमुळे हे सर्रास होतं. कव्हर काढून, कॅमेरा काठाबाहेर राहील असा एका सपाट फळीवर ठेवा. साध्या बुडबुड्याच्या लेव्हलचीही हीच परीक्षा घ्यायची: फिरवल्यावर बुडबुडा त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला तर लेव्हल चांगली.

आता शून्य नोंदवायची पद्धत. ट्रेलर नेहमीसारखा भरलेला, गाडीपासून सोडलेला, जॅकवर उभा हवा. जोडलेल्या अवस्थेत चासी वेगळी वाकते, म्हणून सोडूनच करा. फ्रीझरच्या तळाशी छोटी किंवा फ्रिजजवळच्या फरशीवर ६० सेंटिमीटरची, तपासलेली लेव्हल आधी आडवी ठेवा, मग ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने. दोन्ही दिशांना बुडबुडा मध्यावर आणा आणि मगच अ‍ॅपमध्ये शून्य नोंदवा. चाकांमधलं अंतर आणि कपलर ते अ‍ॅक्सल हे माप टेपने मोजून भरा, अंदाजाने नको. अ‍ॅप अंशांचे सेंटिमीटर याच आकड्यांवरून काढतं.

आणि कपाटाच्या दारावरून सेन्सर आजच काढा. दार बिजागरीवर लोंबकळतं, प्रत्येक वेळी थोडं वेगळं बसतं. सेन्सर अ‍ॅक्सलच्या आसपास, फरशीला किंवा भिंतीच्या पक्क्या चौकटीला, स्क्रूने. दिशा अ‍ॅपमध्ये जशी निवडली असेल तशीच बसवा, नाहीतर आडवं-उभं उलटं दिसेल.

हिशोब पाठच ठेवा: दर मीटरला १ अंश म्हणजे १.७५ सेंटिमीटर. तुमच्या २.१ मीटरला १ अंश म्हणजे ३.७ सेंटिमीटर, ०.४ अंश म्हणजे दीड सेंटिमीटर. लांबीत ४.९ मीटरला १ अंश म्हणजे कपलरपाशी साडेआठ सेंटिमीटर. अ‍ॅप बंद पडलं तरी फोनचा कोनमापक आणि हा आकडा एवढ्यावर काम भागतं.

डबल_अ‍ॅक्सल

दुसऱ्या मुद्द्याचं कारण बहुधा वक्र पट्टीच. तिच्यावर चाक उतारावर उभं असतं. कपलर बॉलवर दाबून बसलेला असला तर सोडताना ट्रेलर दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे सरकतो, आणि वक्र पट्टीवर चाक २ सेंटिमीटर सरकलं की उंची साधारण अर्ध्या सेंटिमीटरने बदलते. शिवाय गाडीची मागची चाकं तिरक्या जमिनीवर असतील तर वजन वाटणाऱ्या दांड्यांमधून (ट्रेलरच्या पुढच्या भाराचा काही हिस्सा गाडीच्या पुढच्या चाकांकडे ढकलणाऱ्या जोडणीतल्या दांड्या) ट्रेलरला पीळ बसलेला असतो. सोडताच तो सुटतो.

क्रम असा ठेवा:

आडवी लेव्हल आधी, गाडी जोडलेली असतानाच. एकदा सोडल्यावर एका बाजूची चाकं उचलायला तुमच्याकडे काही साधन उरत नाही; पुढचा जॅक फक्त पुढे-मागे सुधारतो.

खालच्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली पट्टी. डबल अ‍ॅक्सलला एकच चाक उचललं तर त्या टायरवर आणि त्याच्या स्प्रिंगच्या पात्यांवर नको तेवढा भार येतो. रबरी टॉर्शन अ‍ॅक्सल (पात्यांऐवजी रबराच्या पिळावर भार घेणारा) असेल तर जास्तच, कारण तिथे दोन चाकांत भार वाटून घेणारा मधला दुवा नसतो. दोन चाकांत जागा कमी असेल तर पुढच्या पट्टीचं शेपूट कापावं लागतं. उत्पादकाने परवानगी दिली असेल तेवढंच कापा. गुळगुळीत किंवा ओल्या जागेवर पट्टीखाली रबरी चटई घाला, नाहीतर चाक चढण्याऐवजी पट्टीच पुढे घसरते.

हळू चढवा, दर बोटभर चालीनंतर थांबा. अ‍ॅप हलतं वाचन सरासरी काढून दाखवतं, त्यामुळे आकडा एक-दोन सेकंद मागे असतो. चालत्या गाडीत शून्य दिसलं तर तुम्ही शून्याच्या पुढे गेलेले असता. शून्याच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबायचं.

मग पट्टीखालची पाचर घट्ट सारा आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. आता गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन ब्रेक अगदी सावकाश सोडा, म्हणजे ट्रेलर ठोकळ्यांवर टेकून स्थिरावेल. आकडा पुन्हा पाहा. बदलला असेल तर आत्ताच दुरुस्त करा. त्यानंतर गाडीचा हँडब्रेक ओढा, जॅकने थोडं उचलून दांड्यांवरचा ताण काढा, दांड्या सोडा आणि शेवटी कपलर. ठोकळ्यांशिवाय कपलर कधीही उघडू नका, जमीन सपाट दिसत असली तरी. दोन चाकांच्या मध्ये दाबून बसणारे ठोकळे डोलणं कमी करायला छान आहेत, पण जमिनीवरच्या ठोकळ्यांना ते पर्याय नव्हेत.

वक्र पट्ट्यांची मजल साधारण १० सेंटिमीटर. अ‍ॅपने त्याहून जास्त मागितलं तर जागा बदला किंवा ट्रेलर उलटा वळवून लावा. पट्टीखाली सुटे ठोकळे रचून उंची गाठू नका. ठोकळेच वापरायचे तर पायऱ्या-पायऱ्यांचा रचाव करा आणि टायरचा पूर्ण तळ वरच्या ठोकळ्यावर बसू द्या. अर्धा टायर बाहेर लोंबला तर त्याची बाजू चिरडते.

थंडगार

फ्रिजबद्दल. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये पंप नसतो. अमोनिया-पाण्याचं मिश्रण उष्णतेने वर जातं आणि गुरुत्वाने खाली परततं. फार कललं की द्रव नळीत साचतो, बॉयलरला परत येत नाही, तो भाग जास्त तापतो. त्यात गंजरोधक म्हणून घातलेलं क्रोमेट खडे धरून नळी तुंबवतं, आणि ते नुकसान भरून निघत नाही. चालत्या ट्रेलरला अडचण येत नाही, कारण सततच्या हलण्याने द्रव साचत नाही. खरा धोका उभ्या ट्रेलरला, तासन् तास.

बऱ्याच मॉडेलांची मर्यादा ३ अंश एका दिशेला आणि ६ अंश दुसऱ्या दिशेला असते. इथे बहुतेकांची गफलत होते: ही बाजू फ्रिजची, ट्रेलरची नव्हे. फ्रिजसमोर उभं राहून डावं-उजवं ते ३ अंश. फ्रिज ट्रेलरच्या लांब भिंतीला पाठ लावून असेल तर फ्रिजचं डावं-उजवं म्हणजे ट्रेलरचं पुढे-मागे. म्हणजे तुमच्या जॅकची बाजू जास्त नाजूक. ४.९ मीटरला ३ अंश म्हणजे जवळपास २६ सेंटिमीटर, हे सांभाळणं अवघड नाही. आपल्या फ्रिजची पुस्तिका मात्र पाहा. कंप्रेसरचा फ्रिज असेल तर ही काळजी उरत नाही.

माझ्या मते अर्धा अंश पुरे. त्यात शॉवरचं पाणी निचऱ्याकडे जातं, टाकीचे सेन्सर बरे आकडे देतात, दारं आपोआप उघडत-मिटत नाहीत. दशांश शून्यावर आणण्यात घालवलेला वेळ ठोकळे नीट बसवण्यात घाला.

पाठीवरचं_बिऱ्हाड

क्रम समजला, दारावरचा सेन्सर काढतो. तिसरा मुद्दा राहिला: रात्रीत पुढची बाजू खाली जाते. स्टॅबिलायझर ड्रिलने जोरात आवळले तर थांबेल का? आणि पुन्हा जोडताना उंची आठवणारी सोय कितपत भरवशाची?

ओळंबा

आवळू नका. स्टॅबिलायझर फक्त डोलणं थांबवतात, ते वजन उचलायला केलेले नाहीत. ड्रिलला बहुधा १९ मिलिमीटरचं सॉकेट लागतं आणि काम इतकं सोपं होतं की चासी कधी उचलली गेली ते कळत नाही. मग चासीला पीळ बसतो, दार चौकटीत घासायला लागतं, स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) अडते. ड्रिलचा क्लच हलक्या आकड्यावर ठेवा. पाय जमिनीला टेकेपर्यंत ड्रिल, पुढची अर्धी फेरी हाताने. स्लाइड असेल तर ती लेव्हल झाल्यावरच बाहेर काढा.

पुढची बाजू खाली जाते कारण जॅकचा पाय मातीत रुततो. २,५०० किलोच्या ट्रेलरचं पुढचं वजन १० ते १५ टक्के, म्हणजे २५० ते ३७५ किलो. १५ × १५ सेंटिमीटरच्या पायाखाली हा दाब दर चौरस सेंटिमीटरला १.७ किलोपर्यंत जातो. ३० × ३० सेंटिमीटरची जाड फळी घातली की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. फळीवर ठोकळे ठेवले तर जॅकची दांडी कमी बाहेर येते आणि हलणंही कमी होतं. स्टॅबिलायझरच्या पायांखालीही फळ्या घाला.

हिचची, म्हणजे गाडीशी जोडायच्या जागेची, उंची आठवणारी सोय लेव्हलमेट प्रोसारख्या सेन्सरांत असते आणि ती खरंच वेळ वाचवते. फक्त नोंद कधी करायची ते महत्त्वाचं. भार उतरला की गाडीची मागची बाजू स्प्रिंगवर वर उठते. म्हणून कपलर बॉलवरून पूर्ण सुटल्यावर, तो बॉलच्या जेमतेम वर असताना नोंद करा. आधी केली तर परत जोडताना कपलर बॉलला आडवा येतो. जाताना ट्रेलर त्या कोनावर आणायचा, मग गाडी मागे घ्यायची. मधल्या दिवसांत चाकं रुतली असतील तर थोडा फरक पडेल, म्हणून शेवटचा हातभर बघूनच.

जॅकची_बॅटरी

विजेच्या बाजूचं थोडं. इलेक्ट्रिक जॅक मध्येच मंदावला तर जॅकला दोष देण्याआधी भार असताना बॅटरीचा व्होल्टेज मोजा, मग फ्यूज, मग चासीला जोडलेली अर्थची तार. गंज तिथेच धरतो. हाताने फिरवायचा दांडा जॅकजवळच ठेवा, आतल्या कपाटात नको.

पुढे कधी चार जॅकची स्वयंचलित लेव्हल बसवली तर तिलाही शून्य नोंदवावंच लागतं, आणि ओळंबा यांनी सांगितलेलीच पद्धत तिथे लागू. ‘कोन जास्त’ किंवा ‘व्होल्टेज कमी’ असे इशारे आले की बटण दाबत बसू नका. आधी खालच्या चाकांखाली ठोकळे घालून कोन कमी करा. चाकं जमिनीवरून उचलली जाऊ देऊ नका. ठोकळ्यांची पकड टायरच्या वजनावर असते, आणि ते गेलं की ट्रेलर फक्त चार काठ्यांवर उभा असतो.

सेन्सरची नाण्यासारखी बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, एक जादा ठेवा. आणि गाडीत बसून आकडा दिसत नसेल तर ट्रेलरचं अ‍ॅल्युमिनियमचं आवरण सिग्नल अडवतंय. अशा वेळी फोन घेऊन एकाने समोरच्या खिडकीजवळ, चालकाला दिसेल असं, पण चाकांच्या वाटेबाहेर उभं राहायचं. बरेच सेन्सर एका वेळी एकाच फोनशी जोडले जातात, तेव्हा दुसऱ्या फोनवरचं अ‍ॅप बंद आहे ना तेही पाहा.