मदत हवी आहे: ‘मी कोण आहे?’च्या उत्तरांचं कोडिंग (गटांत वर्गीकरण)

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी कुन आणि मॅकपार्टलंड यांची वीस विधानांची चाचणी (1954) बचत गटातल्या बायकांना दिली. ‘मी कोण आहे?’ याची वीस उत्तरं लिहायची. (विसापर्यंत फार थोड्या पोचल्या, ते अपेक्षितच होतं.)

‘मी तापट आहे’ हा गुण, ‘मी थोरली सून’ ही भूमिका, इथवर ठीक. अडतंय ते ‘घरचे म्हणतात मी हट्टी आहे’, ‘माहेरी बोलकी, सासरी गप्प’ अशा उत्तरांपाशी. गुण म्हणावेत, तर मार्कस आणि कितायामा (1991) ज्याला परस्परावलंबी (नात्यांतून घडणारा) ‘स्व’ म्हणतात तोच हातातून निसटतो.

मैत्रिणीने आणि मी स्वतंत्रपणे कोडिंग केलं, नेमकं इथेच जुळत नाही. कझिन्सचा जपानी-अमेरिकी विद्यार्थ्यांवरचा अभ्यास (1989) वाचला. पण त्याच्या बदललेल्या चाचणीत ‘घरी’सारखा प्रसंग प्रश्नातच दिलेला आहे, माझ्याकडे तो उत्तरातून आलाय. गाइड म्हणतात, काय ते एक ठरवा. पुन्हा माहिती गोळा करणं शक्य नाही.

‘संदर्भासहित गुण’ असा तिसरा गट आता, माहिती हाती आल्यावर, केला तर चालतो का? आणि केला तर आम्हा दोघी कोडरमधली सहमती (‘कापा’, kappa हा आकडा) तिन्ही गटांची एकत्र काढायची की प्रत्येकाची वेगळी?