मदत हवी आहे: गुडमारची पूड किती द्यावी?

रानजाई
आईला मधुमेह, ३ आठवडे गुडमारची (साखर उतरवायला घेतात त्या वेलीच्या पाल्याची) पूड घेतेय, सकाळी १ चमचा कोमट पाण्यातून. साखर छान उतरली, पण काल पहाटे दरदरून घाम, हात थरथरत होते, मशीनवर साखर फक्त ५८. पूड अर्धा चमचा करू का? आज रविवार, दवाखाना बंद. लवकर सांगा.

वाटसरू
वय किती? गोळ्या कुठल्या?

रानजाई
६६. गोळ्या नेहमीच्याच, साखरेच्या. आधी उपाशीपोटी १७० असायची.

खमंग
गुडमार सोडा, मेथ्या द्या. रात्री चमचाभर भिजवायच्या, सकाळी पाण्यासकट चावून खायच्या. तो चिकटपणा असतो ना, त्यानं जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. सासऱ्यांना ६ वर्षं देतेय.

वाटसरू
मेथ्यांचं नंतर बघू. रानजाई, 'नेहमीच्या' म्हणजे कुठल्या? पाकिटामागचं बारीक अक्षरातलं नाव टाका.

सह्यकडा
झाडपाल्याला लगेच दोष नको. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपात आहे. १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरून दाखवलं.

वाटसरू
त्या झुडपातलं गॅलेजीन विषारी, म्हणून त्याच्याशी नातं सांगणारं औषध प्रयोगशाळेत बनवावं लागलं. ते मिलिग्रॅममध्ये मोजून मिळतं. चमचाभर पुडीत गुडमारची साखर उतरवणारी जिम्नेमिक आम्लं किती, हे कोण मोजतंय?

आजोळ
बिबळ्याच्या लाकडाचा पेला पुण्यात कुठे मिळेल? रात्रभर ठेवलेलं पाणी तपकिरी होतं तो. वडिलांच्या साखरेसाठी हवाय.

रानजाई
पाकीट सापडलं. ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा. आईनं आजची पूड आत्ताच घेतलीय, मशीनवर ६४! साखर तोंडात घातली तर वाळूसारखी लागते म्हणून थुंकली. तिला साखर लागू पडेल ना?

वाटसरू
पडेल. गुडमार जिभेची गोड चव तासभर मारतं, पोटात गेलेली साखर आपलं काम करतेच. शुद्धीवर आहेत, गिळता येतंय ना? मग ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी परत तपासा. गुंगी आली तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोट रिकामं असलं तरी. त्यावर पुडीची भर. पूड अर्धी नाही, पूर्ण बंद. पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना मोबाइलवर गाठा. परवा रात्री काय जेवल्या होत्या?

रानजाई
एकादशी होती, नुसतं ताक. गोळी मात्र घेतली.

सह्यकडा
हे आधी सांगायला हवं होतं, ताई. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी तपासलंय? किडनी मंद असेल तर ग्लिमेपिराइडचा असर अंगात जास्त वेळ राहतो.

रानजाई
गेल्या वर्षी. आता साखर ९६ आलीय, आई पोळी-भाजी खातेय. डॉक्टरांनी फोन उचलला. संध्याकाळची ग्लिमेपिराइड देऊ नका म्हणाले, रात्री झोपताना आणि पहाटे ३ ला तपासायला सांगितलंय. उद्या पुडीचा डबा घेऊन बोलावलंय.