हॉटेलने खोली नाकारली, तर ‘कॅन्सल’ तुम्ही दाबू नका

हिंगोलीकर
ऑनलाइन बुकिंगवर ‘नॉन-रिफंडेबल’ (रद्द केलं तर पैसे परत नाहीत) दिसलं की आपल्याकडची माणसं पैशावर पाणी सोडतात. माझं म्हणणं असं की, त्या एका शब्दाने ग्राहकाचा हक्क संपत नाही.

समजा, नवरात्रात एखादं कुटुंब रात्री नऊला तुळजापुरात उतरलं. काउंटरवरून उत्तर येतं, ‘तुमचं बुकिंग आलंच नाही, खोल्या फुल आहेत. तुम्हीच ॲपवरून कॅन्सल करा, पैसे येतील.’ घात होतो तो इथंच. तुम्ही बटण दाबलं की नोंद ‘ग्राहकाने रद्द केले’ अशी पडते, आणि फुकट रद्द करायची मुदत आधीच उलटलेली असते. म्हणून बटणाला हात लावू नका. तिथंच उभं राहून ॲपच्या चॅटमध्ये लिहा: ‘मी हॉटेलवर हजर आहे, हॉटेल खोली देत नाही.’ हे त्याच रात्री लिहिलं नाही, तर ‘ग्राहक आलाच नाही’ अशी नोंद पडायची भीती असते. हॉटेलच्या पाटीसह फोटो घ्या, तारीख, वेळ आणि ठिकाण उमटणारा. दुसरीकडे खोली घ्यावी लागली तर तिचं पक्कं बिल ठेवा. जास्त मोजलेले पैसे त्यावरूनच मागता येतात.

वेरूळ लॉजिंग
भाऊ, दुसरी बाजूही ऐका. ॲपवर बऱ्याचदा दोन दर असतात: रद्द करता येणारा आणि स्वस्तातला, रद्द न होणारा. स्वस्त दर घेताना जोखीमही घेतलेली असते. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला येणाऱ्यासाठी धरून ठेवलेली खोली रात्रभर रिकामी राहिली, तर ती रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. शिवाय ‘पे नाउ’ बुकिंगचे पैसे बहुतेक वेळा आधी ॲपकडे जातात आणि कमिशन कापून नंतर आमच्याकडे येतात. ग्राहक आमच्या काउंटरवर भांडतो, तेव्हा रक्कम आमच्या खात्यात नसतेही.

खोली नाकारायची वेळ का येते, तेही सांगतो. तीन ॲप आणि फोनवरचं बुकिंग अशा चार ठिकाणांहून एकच खोली विकली जाते. फोनवर दिलेली खोली ॲपवर बंद करायची राहिली की डबल बुकिंग झालंच. चूक आमची, मान्य. पण मन बदललं म्हणून पैसे मागणारे आणि खोली न मिळालेले एकाच मापाने मोजू नका.

गोदाकाठ (ग्राहक आयोगातल्या प्रकरणांचं काम)
हा फरकच सगळ्यात मोठा आहे. स्वतःहून रद्द केलं, अट आधी स्पष्ट दाखवलेली होती, तर प्रकरण कमजोर. खोली नाकारली, एसी म्हणून बिगर-एसी दिली, फोटोतली खोली वेगळीच निघाली, तर ती सेवेतली त्रुटी. ‘नॉन-रिफंडेबल’चा तिथं काही संबंध नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला नियम ४ वाचा. कंपनी स्वतः एकतर्फी रद्द करते तेव्हा तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द-शुल्क घेता येत नाही. आधीच टिक केलेल्या चौकटीला संमती म्हणत नाहीत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. म्हणून नुसतं कस्टमर केअरशी बोलून थांबू नका. तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तिकीट नंबर जपा.

परभणी ग्राहक
साहेब, २,४०० रुपयांसाठी आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, तारखा वर्षावर जातात. कार्डाने भरले असतील तर बँकेत चार्जबॅक (कार्डाने दिलेले पैसे परत फिरवण्याची मागणी) टाकावा, ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने, आणि मोकळं व्हावं.

गोदाकाठ
चार्जबॅक जरूर टाका, पण लवकर. उशीर झाला की मुदत निघून जाते. आणि तुम्ही ‘कॅन्सल’ दाबलेलं असेल, तर कंपनी बँकेला नेमकी तीच नोंद दाखवते. हिंगोलीकरांचा मुद्दा म्हणून लाखमोलाचा आहे.

समांतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन बंधनकारक आदेश देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचते आणि छोट्या रकमा बऱ्याचदा तिथंच सुटतात.

आयोगाची भीती मात्र नको. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. हॉटेल गोव्याचं, कंपनी गुरुग्रामची, तरी परभणीकराने परभणीतच दाखल करायची. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं.

दोन चुका नेहमी होतात. एक, फक्त हॉटेलला किंवा फक्त ॲपला गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) करतात. मग एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दोघांनाही करा. दुसरी, अर्जात ‘अनुचित करार’, म्हणजे कराराच्या अटीच अन्यायकारक आहेत, हाच मुख्य मुद्दा ठेवतात. तसल्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात. जिल्ह्यात ‘सेवेतली त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ मांडा. स्क्रीनशॉट जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही लावा; भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३.

वेरूळ लॉजिंग
एवढं मान्य. पण घरात आजारपण आलं, तर? खोली आम्ही धरलेलीच होती, त्यात आमची त्रुटी कुठली?

हिंगोलीकर
नाही, तिथं तुमची त्रुटी नाही. तेव्हा पूर्ण परताव्याचा हट्ट न धरता तारीख बदलून मागावी, चेक-इनच्या आधी आणि लेखी, दवाखान्याचा कागद जोडून. पण तुम्ही ती खोली त्याच रात्री दुसऱ्याला विकली असेल, तर दोघांचेही पैसे ठेवणं मला पटत नाही.

वेरूळ लॉजिंग
विकली गेली तर परत द्यावेत, हे मलाही पटतं. विकली गेली नाही, तर मात्र तारीख बदलण्यापलीकडे मी जाणार नाही.