पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा भाव बघा
वेबसाइटसाठी डोमेन (साइटचा पत्ता) घेताना ‘.शॉप, .ऑनलाइन पहिल्या वर्षी शंभर-दीडशेत मिळतं, मग .कॉमला जास्त का मोजायचे’ असं म्हटलं जातं, ते पहिल्या वर्षापुरतं ठीक. खरा भाव कार्टमधल्या नूतनीकरणाच्या बारीक ओळीत असतो. तो बऱ्याचदा .कॉमपेक्षा चांगलाच चढा निघतो. .कॉमच्या घाऊक (विक्रेत्यांना लागणाऱ्या) दराच्या वाढीला करारात मर्यादा आहे, .शॉपसारख्या नव्या एक्स्टेंशनना (पत्त्याच्या शेवटच्या भागांना) तशी मर्यादाच नाही. मात्र आयकॅन या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या करारानुसार रजिस्ट्रीला (एक्स्टेंशन चालवणाऱ्या संस्थेला) नूतनीकरणाचा दर वाढवायचा तर रजिस्ट्रारला (तुम्हाला डोमेन विकणाऱ्या कंपनीला) १८० दिवस आधी कळवावं लागतं, आणि तोवर जुन्या दराने एकूण १० वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते. त्यामुळे दरवाढीची मेल आली की जाहिरात समजून उडवू नका. ‘प्रीमियम’ (मुद्दाम जास्त किंमत लावलेल्या) नावांचा जादा दर मात्र नोंदणीच्या वेळी तुम्हीच मान्य केलेला असतो, तिथे तक्रारीला जागा नाही.

.ॲप आणि .डेव्ह घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ही दोन्ही एक्स्टेंशनं अख्खीच्या अख्खी ब्राउझरच्या एचएसटीएस प्रीलोड यादीत (फक्त सुरक्षित एचटीटीपीएसनेच उघडायच्या साइट्सची आधीच भरलेली यादी) आहेत. एसएसएल सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र) नसेल किंवा संपलं असेल तर साइट उघडत नाही, आणि इशाऱ्याच्या पानावर ‘तरीही पुढे जा’ची सोयही नसते. तेव्हा डीएनएस वळवण्याआधीच (म्हणजे डोमेन तुमच्या सर्व्हरकडे जोडण्याआधीच) सर्टिफिकेटचं आपोआप नूतनीकरण लावून ठेवा.